शून्य की गैरहजर?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर जुने विद्यार्थी येऊन जातात, हे ह्या सदराच्या नित्याच्या वाचकांस ठाऊक आहेच. कोणी लग्नपत्रिका घेऊन येतो, कोणी मुलाला शाळेत घालण्याविषयी विचारावयास येतो, कोणी नुसताच पायांवर डोके ठेवून जातो. यंदा मात्र एकजण एक पेच घेऊन आला, आणि तो पेच आमच्या विषयाच्या इतका बाहेरचा निघाला की, प्रथम आम्ही हात जोडून मोकळे होण्याच्याच बेतात होतो. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आणि सरकारी शाळेच्या फळ्यापुढे आयुष्य घालविलेल्या माणसाने संगणकाच्या आज्ञावलीतील दोषाचा न्याय काय करावा? परंतु तासाभराच्या बोलण्यानंतर जे हाती लागले ते केवळ संगणकापुरते नव्हते. त्यात आमच्या स्वतःच्या हातून पूर्वी घडलेला एक अन्यायही होता. म्हणून तो विषय आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा विद्यार्थी बेंगळुरूस एका कंपनीत आज्ञावल्या लिहिण्याचे काम करतो. आता त्याच्या हाताखाली सात-आठ तरुण मंडळी आहेत. रात्रीच्या गाडीने बेळगावास उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कुंद्याचा डबा घेऊन आमच्याकडे हजर झाला. चहा झाल्यावर म्हणाला, "सर, माझ्या हाताखाली एक मुलगी आहे. आपल्याच भागातली. मराठी शाळेत शिकून इंजिनिअर झालेली. तिच्या एका ओळीमुळे आमची एक सेवा तीन महिने दर चार-पाच दिवसांनी बंद पडत होती. आता वरून विचारणा आली आहे की, चूक कोणाची ते लिहून द्या. तिची नोकरी अजून कायम झालेली नाही. मी काय लिहू?"

आम्ही म्हणालो, "चूक तिची असेल तर तिची लिही. त्यात विचारावयाचे काय?"

"तेच तर कळत नाही, सर. ओळ तिचीच आहे. पण तीच चूक मीही केलेली आहे. माझ्या वरिष्ठांनीही केलेली आहे. जगात हजारो जणांनी केली आहे."

तेव्हा आम्ही त्याला ती ओळ समजावून द्यावयास सांगितले. त्याने जे सांगितले ते आमच्या समजुतीप्रमाणे आम्ही येथे मांडतो. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

संगणकाच्या आज्ञावलीला आपले सामान ठेवण्यासाठी जागा लागते. ह्या जागेला ते मेमरी, म्हणजे स्मृती, म्हणतात. ही स्मृती एखाद्या वखारीसारखी समजावी. आज्ञावली वखारीच्या खिडकीपाशी जाते आणि म्हणते, मला इतकी जागा द्या. खिडकीतला कारकून जागा नेमून देतो आणि त्या जागेचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी हाती ठेवतो. सामान हवे असेल तर चिठ्ठी दाखवावी, काम संपले की चिठ्ठी परत करून जागा मोकळी करावी, असा नियम. चिठ्ठी हरवली, तर सामानही मिळत नाही आणि जागाही सोडता येत नाही. ज्या आज्ञांच्या द्वारे आज्ञावलीने असा व्यवहार करावयाचा, त्यांच्या ठरलेल्या रचनेला हे लोक 'इंटरफेस' म्हणतात. आम्ही आपले त्याला 'खिडकी' म्हणू. पोस्टात, बँकेत, कचेरीत खिडकीवर उभे राहण्याची आपणां सर्वांना सवय आहेच.

ती मुलगी 'सी' नावाच्या भाषेत लिहीत होती. ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची ह्यांनी १९७२ च्या सुमारास घडविली, आणि आजही तिच्यावर फार मोठा कारभार चालतो. ह्या भाषेत 'रिअलॉक' नावाची एक खिडकी आहे. घेतलेली जागा अपुरी पडू लागली की ह्या खिडकीवर जुनी चिठ्ठी दाखवावी आणि मोठी जागा मागावी. जागा असेल तर कारकून सामान हलवून नवी चिठ्ठी देतो. जागा नसेल तर कोरी चिठ्ठी देतो. कोरी चिठ्ठी म्हणजे नकार. मात्र नकार मिळाला तरी जुने सामान जुन्या जागी सुरक्षित असते, ते कोणी फेकून देत नाही. येथपर्यंत सगळे ठीक, नव्हे शहाणपणाचेच.

आता गंमत पाहा. ही आज्ञा लिहिण्याची जी अगदी सरळ, ओठांवर आधी येणारी रीत आहे, तिचा अर्थ असा होतो: 'मिळालेली चिठ्ठी जुन्या चिठ्ठीच्या जागी ठेव.' मोठी जागा मिळाली तर काही बिघडत नाही, कारण जुनी चिठ्ठी निरुपयोगीच झालेली असते. पण नकार मिळाला, तर कोरी चिठ्ठी जुन्या चिठ्ठीच्या जागी येऊन बसते आणि जुनी नाहीशी होते. सामान वखारीत आहे, जागा अडून राहिली आहे, आणि तिचा क्रमांक आता आज्ञावलीपाशी राहिलेला नाही. हे टाळावयाचे तर नवी चिठ्ठी आधी दुसऱ्या हातात घ्यावी, ती कोरी नाही ना हे पाहावे, आणि मगच जुनी सोडावी. एवढीच काय ती युक्ती. परंतु ती न सांगता सुचत नाही.

आम्ही विचारले, "नकार आला की काय, हे त्या मुलीने पाहिलेच नव्हते का?"

"पाहिले होते, सर! तेच तर सांगतोय. पुढच्याच ओळीत तिने तपासले आहे. नकार आला तर काम थांबवून तसा निरोप द्यायचा, हेही लिहिले आहे. आमच्या सेवेला जागेची मर्यादा घालून दिली आहे. फार मोठी मागणी आली की नकार मिळे, तिची आज्ञावली नम्रपणे 'जमत नाही' म्हणे आणि पुढच्या कामाला लागे. पण प्रत्येक नकारासरशी एक जागा कायमची अडत होती. चार-पाच दिवसांत सगळी वखार भरे आणि सेवा कोलमडे."

ह्या प्रकाराला 'मेमरी लीक' म्हणजे स्मृतीची गळती म्हणतात. भाषेचे शिक्षक म्हणून आम्हांला हा शब्द थोडा फसवा वाटला. गळती म्हटले की पाणी बाहेर जाते आणि टाकी रिकामी होते, असे चित्र उभे राहते. येथे बाहेर काहीच जात नाही. उलट जे सोडावयास हवे ते अडकून पडते, आणि खोल्या असून नसल्यासारख्या होतात. किल्ली हरवलेली बंद खोली, हीच उपमा अधिक जवळची. आणि तिचा दुष्टपणा असा की, चूक घडते त्या क्षणी काहीच दिसत नाही. ज्या मागणीच्या वेळी सेवा कोलमडते ती बिचारी निर्दोष असते. खरी चूक चार दिवसांपूर्वी, दुसऱ्याच कुठल्या मागणीच्या वेळी, गुपचूप होऊन गेलेली असते.

विद्यार्थी पुढे म्हणाला, "आणि सर, हे एकच नाही. अशा खिडक्या पुष्कळ आहेत. 'एटॉय' नावाची एक आहे. अक्षरांत लिहिलेली संख्या तिला द्यायची, ती तिची खरी संख्या करून देते. 'पंचेचाळीस' असे आकडे दिले तर पंचेचाळीस. शून्य दिले तर शून्य. आणि संख्या नसलेले काही दिले, कोणाचे नाव म्हणा, किंवा नुसती रिकामी जागा, तरीही शून्यच! घेणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही की, हे शून्य खरे शून्य आहे की 'मला वाचता आले नाही' असे सांगणारे शून्य आहे."

वाचकहो, हे ऐकताच आम्ही स्तब्ध झालो. त्याला वाटले, सरांना समजले नाही. म्हणून तो पुन्हा सांगू लागला. पण आम्हांला ते नको तितके समजले होते.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकतेच मुख्याध्यापक झालो होतो आणि नव्या अधिकाराची टोपी डोक्यावर जरा ताठच होती. वार्षिक परीक्षेनंतर गुणांचा एक तक्ता भरून वर पाठवावा लागे. प्रत्येक मुलापुढे विषयवार रकाने, आणि तळाशी छापलेली सूचना: कोणताही रकाना रिकामा ठेवू नये. गैरहजर मुलासाठी काय लिहावे, ह्याचा मात्र उल्लेख कोठेही नव्हता. आमच्या शाळेत आमच्याहून वयाने वडील असलेले एक गुरुजी होते. अक्षर मोत्यासारखे, हिशेब चोख. त्यांच्या वर्गातला एक विणकराचा मुलगा कावीळ झाल्यामुळे गणिताच्या पेपरास बसू शकला नव्हता. गुरुजींनी त्या रकान्यात शून्य लिहिले. दुसरे लिहिणार तरी काय?

तो तक्ता फिरून आला तेव्हा मुलगा गणितात शून्य गुण मिळवून नापास ठरलेला होता. त्याचे वडील माग बंद ठेवून शाळेत आले. चढ्या आवाजात बोलले नाहीत. कागदावर बोट ठेवून एवढेच म्हणाले, "सर, आमच्या पोराला काहीच येत नाही का हो?" निकाल पुढे दुरुस्त झाला, पण तोवर गल्लीतल्या मुलांनी त्याचे नाव 'भोपळा' ठेवले होते. तो पंधरा दिवस शाळेत आला नाही.

आम्ही काय केले? गुरुजींना कार्यालयात बोलाविले आणि निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद दिली. त्यांनी मुकाट्याने सही केली. पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन शिक्षकांनी, तेही चांगल्या शिक्षकांनी, नेमकी तीच गोष्ट केली. तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले, आणि आमच्या शाळेपुरती आम्ही तक्त्याखाली एक ओळ हाताने लिहावयास लावली: 'गैरहजर असल्यास गै. असे लिहावे.' त्यानंतर आजतागायत ती चूक झालेली नाही. पण गुरुजींची ताकीद आम्ही मागे घेतली नाही. ती तशीच फायलीत राहिली. गुरुजी निवृत्त झाले, आम्हीही विसरलो. विसरलो असे निदान आम्हांला वाटत होते.

हे सर्व आम्ही त्या विद्यार्थ्याला सांगितले नाही. फक्त विचारले, "अशा खिडक्या बांधणाऱ्यांना हे कळत नव्हते का?"

त्याचे उत्तर समतोल होते, आणि ते येथे दिलेच पाहिजे. तो म्हणाला की, त्या काळच्या लोकांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. १९७१ साली बेल प्रयोगशाळेत ज्या पीडीपी-११ यंत्रावर युनिक्स ही प्रणाली वाढत होती, त्याची स्मृती अवघी २४ किलोबाइट होती. आज खिशातल्या साध्या फोनवर काढलेले एक छायाचित्रही त्यात मावणार नाही. अशा चिंचोळ्या घरात उत्तर आणि नकार एकाच रकान्यात कोंबणे ही काटकसर होती. वापरणारे लोकही मूठभर, एकमेकांना ओळखणारे, आणि खिडकीच्या आतबाहेर काय चालते हे जाणणारे. पुढे घर वाढले, माणसे वाढली, तरी खिडकी तीच राहिली.

आणि खिडकी बदलणे किती कठीण असते ह्याचा त्याने जो दाखला दिला तो लक्षात राहण्याजोगा आहे. ह्याच भाषेत 'गेट्स' नावाची एक आज्ञा होती. बाहेरून आलेली ओळ वाचून नेमलेल्या जागेत ठेवणे, हे तिचे काम. पण जागा किती मोठी आहे हे तिला सांगण्याची सोयच ठेवलेली नव्हती. ओळ जागेपेक्षा लांब आली तर ती शेजारच्या सामानावर सांडत जाई. कितीही दक्ष माणसाने वापरली तरी बाहेरून येणाऱ्या ओळीची लांबी त्याच्या हाती नसे, म्हणजे ही आज्ञा सुरक्षितपणे वापरणे अशक्यच होते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत एका विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली संगणकांच्या जाळ्यात पसरली आणि हजारो यंत्रे ठप्प झाली. 'मॉरिस वर्म' ह्या नावाने ती ओळखली जाते. तिने शिरकावासाठी जी भगदाडे वापरली त्यांतील एक ह्या 'गेट्स'चे होते. नेमलेली जागा ५१२ अक्षरांची, आणि तिने पाठविली त्याहून लांब ओळ. इतके होऊनही १९८९ च्या अमेरिकन प्रमाणात ती आज्ञा राहिली, १९९९ च्या प्रमाणात राहिली, आणि २०११ च्या प्रमाणातून ती एकदाची वगळली गेली. भगदाड दिसल्यापासून भिंत बुजविण्यास तेवीस वर्षे लागली! आमच्या तक्त्यावर एक ओळ वाढविण्यास एक वर्ष लागले, म्हणून आम्ही स्वतःला फार दोष देऊ नये असे क्षणभर वाटले. पण फार काळ तसे वाटले नाही.

सगळेच कर्ते आपली बाजू झाकीत बसत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. कोऱ्या चिठ्ठीची कल्पना, तिला ते 'नल' म्हणतात, १९६५ साली टोनी होअर ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने एका भाषेची रचना करताना वापरात आणली. कोरी चिठ्ठीही खऱ्या चिठ्ठीसारखीच दिसते, म्हणून लोक ती तपासावयास विसरतात आणि ती खरी समजून पुढे जातात. २००९ साली लंडनमधील एका परिषदेत ह्याच गृहस्थांनी उभे राहून सांगितले की, ही आपली शंभर कोटी डॉलरची चूक होती. करणे फार सोपे होते म्हणून मोह आवरला नाही, असेही त्यांनी कबूल केले. मोठ्या अधिकाराच्या माणसाने वापरणाऱ्यांकडे बोट न दाखविता स्वतःकडे दाखवावे, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटली.

आमच्या धंद्याला रुचेल अशी आणखी एक माहिती मिळाली. लिनक्स प्रणालीवर काम करणाऱ्या रस्टी रसेल ह्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने अशा खिडक्यांना चक्क गुण देण्याची एक पट्टी तयार केली आहे. ती अधिक दहापासून उणे दहापर्यंत जाते. जी खिडकी चुकीची वापरणे अशक्यच आहे, तिला सर्वांत वरचे स्थान. चुकीची वापरली तर भाषांतर करणारी आज्ञावलीच अडविते, ती त्याखाली. माहितीपुस्तक नीट वाचले तरच बरोबर वापरता येते, ती त्याहून पुष्कळ खाली. शून्याखाली गेले की, पुस्तक वाचून त्याबरहुकूम केले तरी चुकते अशा खिडक्या येतात, आणि अगदी तळाला, ज्या बरोबर वापरताच येत नाहीत त्या. 'गेट्स'चे आसन कोणते हे वाचक सहज ओळखतील.

येथे आमच्यातल्या शिक्षकाने एक शंका काढली. सगळा दोष खिडकीचा म्हटला, तर माणसाने काळजी घ्यावयाचीच नाही काय? पुस्तकात लिहिलेले वाचावयाचे नाही काय? विद्यार्थी म्हणाला, वाचलेच पाहिजे. 'रिअलॉक'चा हा धोका ओपनबीएसडी ह्या प्रणालीच्या माहितीपुस्तकात उदाहरण देऊन सांगितला आहे. त्या मुलीने तो वाचावयास हवा होता, तेवढा दोष तिचा. परंतु दिवसाकाठी शंभर खिडक्यांवर उभे राहणाऱ्याने प्रत्येक खिडकीची सूचना प्रत्येक वेळी आठवावी, ही अपेक्षा माणसाकडून पुरी होत नाही. 'एटॉय'ऐवजी 'स्ट्रटॉल' नावाची चांगली खिडकीही त्याच भाषेत आहे. पण तिच्यावर शंकेला जागा न ठेवता काम करावयाचे तर आधी चुकीची पाटी पुसून ठेवा, मग वाचन कोठे थांबले ते पाहा, मग पाटीवर काही उमटले का ते पाहा, इतके सोपस्कार. धोक्याची वाट चार पावलांची आणि सुरक्षित वाट मैलाची असली, तर घाईच्या वेळी माणूस कोणत्या वाटेने जाईल?

आम्हां शिक्षकांना हा हिशेब परका नाही. एका मुलाचे उत्तर चुकले तर मुलाची वही पाहावी. निम्म्या वर्गाचे उत्तर एकाच ठिकाणी, एकाच तऱ्हेने चुकले, तर प्रश्नपत्रिका पाहावी. हे आम्ही परीक्षा समितीत कितीदा तरी सांगितले आहे. मोठ्यांच्या चुकांना मात्र तोच नियम लावावयाचे आम्ही विसरतो.

दुरुस्त्या होत आहेत, हेही समाधानाचे. फ्रीबीएसडी नावाच्या प्रणालीत 'रिअलॉकएफ' अशी एक वेगळी खिडकी ठेवली आहे. नकार द्यावा लागला तर ती जुनी जागा स्वतःच मोकळी करते, म्हणजे चिठ्ठी हरवली तरी खोली अडत नाही. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या 'रस्ट' ह्या भाषेत उत्तर आणि नकार असे एका रकान्यात येतच नाहीत. हाती एक बंद लिफाफा येतो. आत उत्तर आहे की नकार, हे उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि लिफाफा न उघडताच बाजूला टाकला तर भाषांतर करणारी आज्ञावली हटकते. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, त्या तक्त्यात 'गै.' लिहिण्यास स्वतंत्र जागा छापलेली आहे.

बोलता बोलता विद्यार्थ्याने जपानची एक हकीकत सांगितली. तेथे कारखान्यांत शिगेओ शिंगो नावाचे एक अभियंता चुका होऊच नयेत अशा युक्त्या बसवीत असत. उजव्या बाजूचा भाग डाव्या बाजूला बसूच नये, अशी ती रचना. त्या युक्त्यांना आधी 'बाका-योके' म्हणत, म्हणजे मूर्खांपासून बचाव. १९६३ साली एका मोटारीच्या कारखान्यात प्रमुखाने ही युक्ती समजावून दिली तेव्हा तेथे काम करणारी एक स्त्री रडू लागली. आपण इतक्या का मूर्ख आहोत, असे तिला वाटले. तेव्हा शिंगोंनी शब्दच बदलला आणि 'पोका-योके' म्हणावयास सुरुवात केली, म्हणजे अनवधानाने होणाऱ्या चुकीपासून बचाव. यंत्र तेच राहिले, पण माणसाला मूर्ख म्हणावयाचे बंद झाले.

इतका वेळ आतून ऐकत असलेल्या आमच्या सौभाग्यवती कप न्यावयास बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एवढं काय त्यात? मीठ आणि पिठीसाखर सारख्याच डब्यांत ठेवायची, आणि खारट शिरा झाला की सुनेला बोल लावायचा. आपल्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय." आम्ही दोघेही हसलो. पण तासभर आम्ही जे उलगडीत बसलो होतो ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले, हे कबूल केले पाहिजे.

अहवालात काय लिहावयाचे ते मग विद्यार्थ्यानेच ठरविले. ओळ कोणाची हे तो लपविणार नव्हता. पण त्याखाली आणखी तीन गोष्टी लिहिणार होता: नकार तपासला गेला होता. ही चूक त्या खिडकीच्या घडणीमुळेच होते, आणि तशीच ती कंपनीच्या जुन्या आज्ञावल्यांत आणखी कोठे कोठे आहे ह्याची यादी सोबत जोडली आहे. यापुढे 'रिअलॉक' थेट न वापरता तिच्याभोवती बांधलेली सुरक्षित खिडकीच सर्वांनी वापरावी. महिन्याभराने त्याचा फोन आला. शोधल्यावर यादीत अकरा ठिकाणे निघाली, त्यांतील दोन त्याची स्वतःची होती, आणि त्याने तीही लिहिली. मुलीची नोकरी कायम झाली. नवी खिडकी बांधण्याचे काम त्याने तिच्याकडेच दिले आहे.

आमचे काम मात्र बाकी होते. ते गुरुजी आता वडगावात मुलाकडे असतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. फायलीतल्या कागदाचे आता काय होणार? तो बदलण्याचा अधिकारही आम्हांस नाही आणि त्याचा उपयोगही नाही. म्हणून आम्ही स्वतःच्या हाताने एक पत्र लिहून नेले होते. चूक तक्त्याची होती, तुमची नव्हती, आणि तुम्हांला ताकीद देण्यात आमची चूक झाली, इतकेच त्यात होते. गुरुजींनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. घडी करून पंचांगात ठेवले. मग म्हणाले, "सर, मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? पण त्या पोराला माझ्यापेक्षा जास्त लागलं असेल. तो आता हुबळीला विजेच्या कामावर आहे. दिवाळीला येतो माझ्याकडे. अजून त्याला भोपळ्याची भाजी वाढलेली आवडत नाही."

त्या मुलालाही एक पत्र लिहावयाचे आहे. पत्ता गुरुजींनी दिला आहे. असो.